मला चक्कर आली नव्हती

१७ जानेवारी, शनिवार

...दूध उतू गेलं नव्हतं त्या सोमवारी. काहीच वेगळं झालं नव्हतं. साडेपाचला पाणी आलं. दोन्ही पिंपं भरली, उरलेलं तुळशीला. गिझर असूनही यांच्या आंघोळीचं पातेलं गॅसवर चढवलं, कारण गिझरचं पाणी यांना कोमट वाटायचं. एकतीस वर्षं बर्फाच्या कारखान्यात काढलेला माणूस. मे महिन्यातसुद्धा आंघोळीला वाफा निघणारं पाणी आणि झोपायला गोधडी लागायची. कणीक मळली, मेथी निवडली. हे आंघोळ करून गॅलरीत उन्हाला खुर्ची ओढून बसले. "पेपर वाच गं जरा." चष्म्याची काडी मोडली होती, दुकानात न्यायची माझ्याकडून राहिली होती. हात पुसून आले. टॉवेल खांद्यावर, मान कलंडलेली. वाटलं, डुलकी लागली. तरी मी वाचायला लागले. पाणीकपातीची बातमी अर्धी झाली तेव्हा लक्षात आलं की हे मधे बोलत नाहीयेत. हे बातमी कधी गप्प बसून ऐकायचे नाहीत.

आज सहावा दिवस. उजव्या मनगटाला प्लास्टर, डाव्या हाताने लिहितेय. ओळी वर चढतायत. चढू देत. उद्या मुलगा येतोय, महेश, कॅनडाहून.

१८ जानेवारी, रविवार

महेश आला. सातव्या दिवशी. बूट काढता काढताच रडायला लागला, एक पाय बुटात तसाच. मग त्याचं लक्ष प्लास्टरकडे गेलं.

"आई, हे काय?"

मी तोंड उघडायच्या आत विलासभाऊजी बोलले. यांचे धाकटे भाऊ, पालेगावला राहतात, पण सोमवारपासून आमच्या अंबरनाथच्या घरात यजमान असल्यासारखे वावरतायत. म्हणाले, "अरे, वहिनींना चक्कर आली. दोन दिवस पोटात अन्न नाही. धक्का बसला रे त्यांना."

मी म्हटलं, "मला चक्कर आली नव्हती."

कुणी ऐकलं नाही. सामान आत नेत होते. जाऊबाई सुनंदा महेशला विचारत होती, चहात साखर घालू ना रे अजून?

१९ जानेवारी, सोमवार

आठवडा झाला. लिहून ठेवते, म्हणजे कुणी मला माझीच गोष्ट सांगणार नाही.

सोमवारी अकरापर्यंत सगळे जमले. मी भाऊजींना बाजूला घेऊन सांगितलं की आजच न्यायचं. यांची तशी इच्छा होती. ते म्हणाले, महेशला फोन केलाय, तो थांबा म्हणतोय, निघतोय, त्याच्या हातून अग्नी नको का? मी म्हटलं, तिकडे बर्फाचं वादळ आहे, दोन दिवस बातम्यांत दाखवतायत, विमानं उडत नाहीत. तर म्हणाले, "वहिनी, तुम्ही आत बसा. तुम्हाला आत्ता काही सुचायचं नाही."

आणि मला आत बसवलं. बायकांच्या घोळक्यात. माझा मोबाइलही बाहेरच राहिला, भाऊजींच्या खिशात, "येणाऱ्याजाणाऱ्यांचे फोन मी घेतो" म्हणून.

दुपारी ती थंड पेटी आली, माणूस ठेवतात ती. दोन तास चालली. मग लाइट गेली, आली, परत गेली, आणि पेटीचं मशीन गुरगुरून बंद पडलं. कुणीतरी म्हणालं, बर्फ आणा. भाऊजींनी यांच्याच कारखान्यात फोन लावला, उल्हासनगरला, कॅम्प दोनमध्ये. सेठ स्वतः फोनवर आला. आतल्या खोलीत मला ऐकू आलं, स्पीकर चालू होता. "विलासभाई, वो अपना आदमी था। बर्फ अपने यहाँ से जाएगा, आज भी, कल भी।" सगळे म्हणाले, बघा, किती मान आहे माणसाला.

टेम्पोतून चार लाद्या आल्या, गोणपाटात गुंडाळलेल्या. आणणारी पोरं यांच्याच हाताखाली शिकलेली. आकडा घालून जिन्यावरून ओढत आणल्या. तो आवाज मला ओळखीचा होता. लग्नानंतर दोन वर्षं आम्ही कारखान्याच्या मागच्या खोलीत राहायचो.

लाद्यांवर गोणपाट, त्यावर फळी, त्यावर हे.

मी आतून ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. बायकांनी मला धरलं. म्हणाल्या, रडू द्या, मोकळं होऊ द्या. मी रडत नव्हते.

२० जानेवारी, मंगळवार

हात ठणकतोय. काल लिहिलं ते वाचलं, एक राहिलंच.

बर्फावर ठेवायचं नाही, हे यांनी मला एकदा नाही, चार-पाच वेळा सांगितलं होतं. कारखान्यातून अशा घरी लाद्या पोचवायला हेच जायचे. एकदा येऊन हातांना खोबरेल चोळत बसले. बोटांना कायम चिरा, बारा महिने. म्हणाले, "तीन दिवस ठेवलाय गं म्हातारा. मुलगा दुबईहून यायचाय. पाणी पार उंबऱ्यापर्यंत, आणि घरातली बाई पोछा मारतेय. माणूस गेला का पोछा मारायचा तिने?" आणि मग, "मला त्याच दिवशी न्या. जन्मभर लाद्या उचलल्या, मेल्यावर त्यांच्यावर निजणार नाही."

हे भाऊजींना मी सोमवारी शब्द न् शब्द सांगितलं. "दादा चेष्टेत म्हणाला असेल."

हे चेष्टा करायचे. खूप करायचे. बर्फाची कधी केली नाही.

आणि पोछा मीच मारला. सोमवारी रात्रीपासून, मंगळवारी दिवसभर. बायका म्हणायच्या, तुम्ही राहू द्या. पण मारायचं कुणी नाही. पाणी सोफ्याखाली जायचं. रेखा, माझी मुलगी, तिला धाकट्याची परीक्षा म्हणून बदलापूरला ये-जा करायला लागत होती. मंगळवारी आणखी दोन लाद्या आल्या. पोरांनी टोच्याने कडा फोडून त्या बाजूला बसवल्या.

बुधवारी सहाला उठले. संक्रांत होती. घरात सगळे बसल्या जागी झोपलेले. यांचा डावा हात फळीवरून घसरून लादीला टेकला होता. कधीपासून कोण जाणे. मी बादली खाली ठेवली. हात उचलून छातीवर ठेवायचा आणि शाल खोचायची, एवढंच करायचं होतं. एक पाऊल पुढे टाकलं. फरशीवर बर्फाची चीप पडली होती, काचेसारखी, दिसलीच नाही.

पडताना मी यांचाच हात धरला.

असो. मनगटात कट् झालं. पहिला विचार आला, यांना ओढलं की काय मी. यांना काही झालं नव्हतं.

हे कुणाला सांगितलेलं नाही.

त्याच दिवशी, नंतर

डावा हातही आता दुखतोय, पण पुढचं आजच लिहिणार.

रेखा तोवर आली होती. तिने मला रिक्षात घालून हाडांच्या दवाखान्यात नेलं. निघताना भाऊजी दारात उभे होते, तोंड पांढरंफटक. मी म्हटलं, "आम्ही येतो लगेच. थांबा." हेच शब्द. रेखाने ऐकलेत.

एक्स-रे झाला. दोन्ही हाडं मोडली होती. प्लास्टर ओलं होतं तेवढ्यात रेखाचा फोन वाजला. सागर, भाऊजींचा मुलगा. "ताई, आम्ही निघालोय."

"कुठे निघालाय?"

"स्मशानात. महेशदादाची फ्लाइट परत कॅन्सल झाली. पप्पा बोलले, अब बस, उरकून घ्या."

रेखा एवढ्या जोराने ओरडली की कंपाउंडर धावत आला.

आम्ही पोचलो तेव्हा अग्नी दिला होता. सागरने. बायका तिथे येत नाहीत म्हणून फाटकाशी अडवायला एकजण पुढे आला, रेखाने त्याच्याकडे नुसतं बघितलं. पत्र्याच्या छपरावर कुणाचा तरी कटलेला पतंग पडला होता. मी तोच बघत राहिले, कारण दुसरं काही बघण्यासारखं उरलं नव्हतं.

दोन दिवस मुलासाठी थांबले. बायकोसाठी तासभर थांबले नाहीत.

आणि आता सगळ्यांना सांगत सुटलेत, वहिनींना चक्कर आली, त्याच म्हणाल्या घेऊन जा.

२१ जानेवारी, बुधवार

दहावा. बदलापूरला नदीवर गेलो. मीही गेले. भटजींनी माझ्याकडे बघितलं, मग प्लास्टरकडे बघितलं आणि पुढचं सांगायला लागले.

पिंड ठेवले. सगळे लांब उभे राहून कावळ्याची वाट बघायला लागले. मला खात्री होती की कावळा शिवणार नाही. शपथेवर सांगते, मनातून मी खूश होते. आता यांची इच्छा राहिलीय हे सगळ्यांसमोर उघडं पडेल. भाऊजी एकेक कबूल करत बसतील, महेशला बघू, वहिनींना सांभाळू, आणि कावळा ढिम्म हलणार नाही. मग कुणीतरी विचारेल, काय राहिलं असेल हो? मग मी सांगेन.

भाऊजींनी हात जोडले. "दादा..." एवढंच म्हणाले आणि कावळा आला. पहिल्याच शब्दाला. नुसता शिवला नाही, अर्धा पिंड घेऊन गेला. मागून आणखी तीन आले.

"शांत झाला जीव," भटजी म्हणाले. भाऊजींनी डोळे पुसले आणि माझ्याकडे बघितलं. बघा वहिनी, असं.

मी त्या कावळ्यावर इतकी चिडले की काय सांगू. तिथले कावळे दिवसाला पाच-पाच घरांचे पिंड खातात. यांच्या मनात काय होतं, ते त्याला काय कळणार? भात होता, खाल्ला.

घरी येताना रिक्षात रेखा कानाशी म्हणाली, "आई, तू कावळ्याला शिव्या देत होतीस का गं? ओठ हलत होते तुझे."

दहा दिवसांत पहिल्यांदा हसले. मग हसले म्हणून स्वतःचाच राग आला.

२२ जानेवारी, गुरुवार

आज जे कळलं ते...

नीट लिहिते.

दुपारी महेश आणि मी दोघंच घरात. तो मोबाइलवर तिकडचं वादळ दाखवत होता. घराचं दार उघडलं तर समोर बर्फाची भिंत. गाड्या पुरलेल्या. मला वाटतं त्याला दाखवायचं होतं की तो खरंच येऊ शकत नव्हता. दाखव बाबा. एका चित्रात एक माणूस फुटपाथवरून चालता चालता असा पडतो की दोन्ही पाय वर. महेश हसला, मग माझ्या हाताकडे बघून थांबला.

म्हणाला, "तिकडे फार कडक आहे आई. वादळ थांबलं की आपल्या दारासमोरचा बर्फ आपणच काढायचा. फावड्याने ओढायचा, मीठ टाकायचं. माझ्या दारात कुणी घसरून पडलं तर जबाबदारी माझी."

मी विचारलं, "आणि घरात पडलं तर?"

"घरात कशाला बर्फ असेल?"

मी त्याच्याकडे बघत राहिले.

त्याला माहीतच नव्हतं. त्याला पेटीचं सांगितलं होतं, लाद्यांचं नाही. आई चक्कर येऊन पडली, एवढंच. मी त्याला पुढची खोली दाखवली. इथे लाद्या, इथे बादली, इथे मी. लाद्यांना लावलेल्या भुशाचे कण फरशीच्या सांध्यात अजून आहेत, निघत नाहीत.

तो म्हणाला, "पण बाबांना तर ते... बाबा नको म्हणायचे ना बर्फावर?"

म्हणजे त्यालाही सांगितलं होतं यांनी! मला वाटत होतं, फक्त मलाच.

माझा तोल गेला. म्हटलं, "मग तू कशाला थांबा म्हणालास? मी पहिल्या दिवसापासून सांगत होते, न्या. तुझ्यासाठी ठेवलं त्यांना. तुझ्यासाठी!"

तो उभाच राहिला. "मी? आई, मी सोमवारीच काकांना म्हटलं, इकडे रस्तेच बंद आहेत, माझं काही खरं नाही, तुम्ही घेऊन जा बाबांना. काका म्हणाले, वहिनी ऐकत नाहीत. म्हणतात, महेशशिवाय हलवू देणार नाही."

मी म्हटलं, परत सांग.

त्याने परत सांगितलं.

मला सांगितलं, महेश थांबा म्हणतोय. महेशला सांगितलं, आई थांबा म्हणतेय. आणि आम्ही मायलेकांनी एकमेकांना विचारलं नाही. दोनदा फोनवर आलो, दोन्ही वेळा दोघंही नुसते रडलो. वर भाऊजी शेजारी उभे राहून म्हणाले, पुरे आता, त्रास होईल वहिनींना.

महेश लगेच पालेगावला निघाला होता, तावातावाने. मी अडवलं. म्हटलं, परवा तेरावं आहे. तोवर गप्प.

का अडवलं माहीत नाही. मला स्वतःला बोलायचं होतं म्हणून असेल.

२३ जानेवारी, शुक्रवार

वाचनालयातून आणलेलं पुस्तक उशाशी पडलंय, मुदत टळली. एका हाताने पान उलटत नाही, पुस्तक मिटतं. चौथीनंतर शाळा सुटली. पुढचं माझं वाचन कॅम्प दोनच्या दुकानांच्या पाट्यांवर झालं. हे मुद्दाम रस्ता बदलून नवीन गल्लीतून न्यायचे, "चल, आज ही लाइन वाच." पाट्या संपल्या तेव्हा वाचनालयात नाव घातलं.

पुस्तकात माणूस मेला की प्रकरण संपतं. पुढच्या पानावर दुसरं वर्ष असतं. इथे पोछा मारावा लागतो.

उद्या काय बोलायचं ते तीनदा मनात जुळवलं. तिन्ही वेळा वेगळं.

२४ जानेवारी, शनिवार

झालं.

गच्चीवर मांडव. पुरी, बटाट्याची भाजी, बुंदी. कारखान्यातली माणसं आली, सेठ स्वतः आला. भाऊजी पंगतीत फिरत होते. सेठच्या पुढ्यात उभे राहून तेच सुरू केलं. "भाभी को चक्कर आ गया ना सेठ, गिर गई. बोली, ले जाओ, मेरे लिए मत रुको."

माझ्या डाव्या हातात पाण्याचा जग होता. खाली ठेवला.

"भाऊजी, मला चक्कर आली नव्हती. मी बर्फावर घसरले. यांना नको होता तो बर्फ, मी तुम्हाला सांगितलं होतं. महेशनेही सांगितलं होतं, घेऊन जा. तुम्ही त्याला माझं नाव सांगितलंत आणि मला त्याचं. आणि मी थांबा म्हटलं होतं. 'घेऊन जा' नाही म्हटलं. थांबा म्हटलं."

एवढंच. जुळवलेलं सगळं विसरले, हे आपोआप आलं.

पंगतीत एकाचा हात पुरीवर तसाच. सेठला सगळं कळलं नसेल, पण बर्फ कळला. तो ताट बाजूला सारून म्हणाला, "भाभी, मेरे को मालूम नहीं था. कसम से." मी म्हटलं, तुमचं काही नाही सेठ, तुम्ही जेवा.

चुलतसासूबाई कुजबुजल्या, "आज नको गं बाई, आजच्या दिवशी नको." मग कोणत्या दिवशी? सांगा ना, कोणता दिवस ठेवलाय माझ्यासाठी?

भाऊजी जिना उतरून गेले. खाली स्कूटर सुरू झाल्याचा आवाज आला.

सगळे गेल्यावर महेश म्हणाला, "आई, लोकांसमोर काय गरज होती?"

"तू परवा पालेगावला कशाला निघाला होतास, मग? आरती करायला?"

"मी घरात बोललो असतो. चार भिंतींत."

चार भिंतींतच तर झालं सगळं.

रेखा भांडी आवरत होती, मान वर न करता म्हणाली, "बरं केलंस, आई." पण तिचाही आवाज बारीक होता.

मला वाटलं होतं, बोलले की हलकं वाटेल. नाही वाटलं.

२७ जानेवारी, मंगळवार

महेश गेला. चल म्हणत होता माझ्याबरोबर. सून, नात वाट बघतायत. मी म्हटलं, एवढ्या बर्फात? त्याने एकदम माझे पाय धरले. मला तसं म्हणायचं नव्हतं. खरंच नुसतं थंडीचं म्हणत होते. पण झालं ते झालं. टॅक्सीत बसेपर्यंत तो रडत होता आणि मी त्याच्या जॅकेटची चेन वर ओढत होते, डाव्या हाताने, ती अडकत होती.

महेशवरचा राग गेला का? थोडा गेला. मी हेही विचारते स्वतःला, की सोमवारी दुपारी मी आतून उठून बाहेर का नाही आले. कुणी बांधून ठेवलं नव्हतं. चार बायकांनी धरलं म्हणून बसून राहिले. उठून फोन हातात घेतला असता, महेशला एकच वाक्य विचारलं असतं...

हे लिहायचं नव्हतं. लिहिलं गेलं.

३० जानेवारी, शुक्रवार

सुनंदा आली. डबा घेऊन, एकटी. तेराव्यापासून पालेगावचं कुणी फिरकलं नव्हतं. बसली, उठली, ओट्यावरचं पुसायला लागली. मी म्हटलं, बस गं, पुसू नकोस काही. या घरात पुष्कळ पुसून झालंय.

बसली. म्हणाली, "ताई, मी यांची बाजू घ्यायला नाही आले."

"मग?"

"हे जेवत नाहीत नीट. दारात खुर्ची टाकून बसतात दिवसभर. कामावर गेले नाहीत."

मी म्हटलं, "चक्कर आली असेल."

असं बोलल्यावर माझं मलाच लागायला हवं होतं. नाही लागलं.

मग तिने सांगितलं. सोमवारी महेशचा फोन झाला, महेश म्हणाला घेऊन जा, तर भाऊजी फोन ठेवून मोरीत गेले आणि कडी लावून घेतली. बराच वेळ. बाहेर आले आणि सगळ्यांना म्हणाले, महेश थांबा म्हणतोय. "मला कळलं होतं ताई. मी बाहेर उभी होते, फोन ऐकला होता. मी बोलले नाही."

"का पण?"

"दादांना उचलायचं जमेना त्यांना. आई-वडील गेले तेव्हा हे नऊ वर्षांचे. दादांनीच गावाहून आणलं, कारखान्याच्या मागच्या खोलीत वाढवलं. म्हणत होते, एक दिवस राहू दे घरात, एकच दिवस. मग एकदा खोटं बोलल्यावर..."

हे सगळं मला माहीत आहे. मीच वाढवलंय त्यांना, यांच्याइतकंच. लग्न होऊन आले तेव्हा भाऊजी अकरा वर्षांचे होते, माझ्या ताटात जेवायचे. ते सुनंदाने मला सांगायला नको होतं.

म्हटलं, "बरं. सोमवारी जमलं नाही. मग बुधवारी कसं जमलं? तासाभरात? मी नसताना?"

ती म्हणाली, "तुम्ही पडलात ना, त्याचा आवाज ऐकून हेच पहिले उठले. तुम्हाला तसं बघितलं, तुम्ही दादांचा हात धरलेला... घाबरले. माझ्यामुळे झालं म्हणाले. तो बर्फ घरातून काढा, आत्ताच्या आत्ता काढा, असं ओरडायला लागले. कुणाचं ऐकेनात."

म्हणजे भाऊजींनी बघितलं होतं. मला वाटत होतं, कुणी बघितलं नाही.

बघितलं होतं, आणि तरी चक्कर म्हणाले. माझ्यासाठी म्हणाले की स्वतःसाठी, ते मला ठरवता येईना.

सुनंदा म्हणाली, "एकदा याल का ताई? तुम्ही आल्याशिवाय हे..."

"नाही येणार."

"बरं."

"घाबरले म्हणून माझा माणूस मला न दाखवता नेला. माझं काय होतं त्या वेळी? मी घाबरले नव्हते?"

"हो ताई."

"तू हो हो करू नकोस. भांड माझ्याशी."

ती रडायला लागली. मी तिला रडू दिलं. डबा रिकामा करून, धुऊन परत दिला. आत मुगाचं बिरडं होतं, चांगलं झालं होतं. ते मी तिला सांगितलं नाही.

२ फेब्रुवारी, सोमवार

तीन आठवडे.

दोन दिवस वही उघडली नाही. सुनंदा गेल्यावर त्या दिवशी मी गॅलरीतल्या यांच्या खुर्चीत बसले, पहिल्यांदा. ऊन अंगावर घेतलं. राग मोजून बघितला, कमी झालाय का. नाही झालेला. फक्त आधी मला माहीत होतं तो कुणावर आहे, आता तेवढं नीट माहीत नाही. भाऊजींवर आहे. माझ्यावर आहे. मरताना काही न बोलता गेले, म्हणून यांच्यावरसुद्धा थोडा आहे.

रेखाला फोनवर सांगितलं सुनंदाचं बोलणं. ती म्हणाली, "माफबीफ करायला जाऊ नकोस हं." मी म्हटलं, माफ करायचं ठरवलेलं नाही. "मग काय ठरवलंयस?" मी म्हटलं, काहीच नाही. खरंच नव्हतं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, साडेदहाला रिक्षा केली आणि पालेगावला गेले. भाऊजी दारात खुर्चीवर होते, दाढी वाढलेली. मला बघून उठायला लागले. मी म्हटलं, "बसा." आणि समोरच्या पायरीवर मीही बसले.